परातीतला रंग

त्या वर्षी मला माझ्याच हातांची भीती वाटायची.

सूत रंगवायच्या शेडमध्ये मी लड्या धुवायला होते. दिवसभर हात पाण्यात. कधी राणी रंग, कधी मोरपंखी, कधी तो गडद चिंतामणी. संध्याकाळी हात दगडावर घासले, लिंबू चोळलं, तरी नखांच्या कडेला रंग राहायचाच. घरी आले की माझी तान्ही मुलगी माझ्याकडं झेपावायची आणि मी आधी हात मागं घ्यायचे. तिला पाजताना मनात यायचं, हा रंग कातडीतून आत जात असेल तर दुधात उतरत नसेल कशावरून? एकदा वाटीत थोडं दूध काढून मी ते दारातल्या उजेडात धरून बघितलं. पांढरंच होतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी मूळची भंडाऱ्याकडची. माहेरी हातमाग होता. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून पाचवीतच माझी शाळा सुटली. लग्न झालं आणि रेल्वे, एसटी असं करत करत नगर जिल्ह्यात येऊन पडले. हे गळिताच्या हंगामात कोपरगावकडच्या साखर कारखान्यावर असायचे, सुट्टी मिळाली की यायचे. मी मात्र नगरपासून एसटीनं तासाभरावर असलेल्या एका गावात, शेडच्या कामावर. माझी बोली तिथं कुणाला धड कळायची नाही. मी "का"च्या जागी "काहून" म्हटलं की शेडमधल्या बायका खिदळायच्या. रंगाचे मिस्त्री तर मला हाकच मारायचे, "ओ काहूनबाई, ती निळी लडी आना इकडं."

त्या परक्या मुलखात मला जागा दिली ती मावशींनी. माझ्या नात्यागोत्याच्या नव्हेत त्या. शेडच्या मागं, ओढ्याच्या पलीकडं त्यांची वस्ती होती, चार-पाच बौद्ध घरांची. त्यातल्या त्यांच्या घराची पडवी त्यांनी मला राहायला दिली. मी कामावर गेले की मुलीला त्याच सांभाळायच्या. आंघोळ, खिमटी, झोप, सगळं. मुलीला त्या बाळी म्हणायच्या. "तू जा गं पोरी कामाला, हिला मी हाय," असं म्हणून त्या मला अक्षरशः दाराबाहेर ढकलायच्या. त्यांचे उपकार मी आजही मोजू शकत नाही.

मावशींच्या दारात विहीर होती. त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. एकदा शेंगा फोडता फोडता मावशींनीच सांगितलं होतं. पूर्वी गावच्या आडावर त्यांच्या माणसांना दोर टाकू देत नसत. आड म्हणजे गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं, कुणाला वाटलं तर तो वरून ओतणार. सासऱ्यांनी धम्म घेतला आणि त्यानंतर म्हणाले, आता ओंजळ पसरायची न्हाई. दिवसा लोकांच्या रानात काम आणि उरल्या वेळात स्वतःची विहीर, असं करत त्यांनी ती पाण्याला लावली.

"आता आडावर कुनी अडवत न्हाई," मावशी म्हणाल्या. "पन आपलं पानी दारात असताना मी कशाला जाऊ? लग्न होऊन आले तवापासून त्या आडाची पायरी न्हाई चढले."

आणि मी ज्या शेडमध्ये काम करत होते, तिचं रंगाचं पाणी त्याच विहिरीच्या अंगाला वाहत होतं.

शेडमागं एक कच्चा खड्डा होता. टाक्या रिकाम्या झाल्या की सगळं पाणी त्यात. उन्हाळ्यात त्याच्या काठावर पांढरी-जांभळी खपली धरायची. त्या खड्ड्यातून जमिनीखाली काय चाललंय ते कुणाला दिसत होतं? पण मावशींच्या चुलीवर तुरीची डाळ शिजेनाशी झाली. चहा मचूळ लागायला लागला. मावशी म्हणायच्या, "औंदा पानीच खाली गेलं, तळाचं पानी असंच लागतं." बाळीचं पोट तेव्हा वरचेवर बिघडायला लागलं होतं. दात येतायत, सगळे म्हणायचे. मला दात दिसत नव्हते. मला तो खड्डा दिसायचा.

त्याच सुमाराला शेडवर कॉलेजच्या बाई आल्या. नगरच्या एका कॉलेजात त्या संशोधन करत होत्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. लुनावर यायच्या, पुढं पाय ठेवायच्या जागी बाटल्यांची पिशवी. आसपासचे लोक खड्ड्याबद्दल कुरकुर करत होते, म्हणून मालकांनी त्यांना शेडवर येऊ दिलं असावं. त्यांनी छपरावर काचेच्या उथळ पराती मांडल्या. त्यात लड्यांच्या शेवटच्या धुण्याचं पाणी ओतलं, राणी रंगाचं. मग एका डबीतली पांढरी भुकटी त्यात टाकून काचेच्या कांडीनं ढवळली. पाणी स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं दिसायला लागलं.

"हे काय, चुना?" मिस्त्रींनी विचारलं.

"चुना नाही. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये जे घालतात ना, त्याच जातीचं. पण मी भट्टीत भाजून फार बारीक केलंय."

"मैद्याएवढं?"

बाई हसल्या. "मैद्याचा एक कण घेतला ना मिस्त्री, तर त्याच्यापुढं हे कण म्हणजे डोंगरापुढं वाळू."

नॅनो हा शब्द मी पुढं कितीतरी वर्षांनी ऐकला. तेव्हा बाईंनी मला सांगितलं ते मिठाच्या भाषेत. खडा मीठ पाण्यात टाकलं तर वरवर विरघळतं, तेच कुटून टाकलं तर लगेच. कारण कुटल्यावर त्याला पाणी लागायची जागा वाढते. तसं ही भुकटी जितकी बारीक तितकी तिला रंग भिडायला जागा जास्त. आणि ऊन पडलं की ती जागी होते आणि रंगाला मोडते.

दुपार टळेपर्यंत परातीतला राणी रंग फिका झाला. आधी गुलाबी, मग नुसती छटा, मग काहीच नाही. सावलीत ठेवलेली परात मात्र होती तशीच. बाईंनी उन्हातली परात हलवायची थांबवली, भुकटी हळूहळू खाली बसली आणि वर पाणी राहिलं, नळाच्या पाण्यासारखं. शेडमधल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

मी वाकून परातीच्या तळाकडं बघायला लागले, रंग कुठं दिसतोय का.

रंगाच्या कामात पाणी स्वच्छ झालं की आम्ही खूश व्हायचो, पण त्याचा अर्थ एकच असायचा. रंग सुतात गेला. मिस्त्री टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "पियाला गड्यानं." रंग कधी मरत नाही, तो पाण्यातून निघाला तर कशात तरी शिरलेला असतो, हे आम्हाला त्या कामानं शिकवलं होतं. आणि इथं तर सूतच नव्हतं. मी घाबरत घाबरत विचारलं, "बाई, मग रंग गेला काहून? म्हणजे... कुठं?"

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वरचं पाणी ओतून टाकलं आणि तळाची भुकटी बोटावर घेऊन मला दाखवली. पांढरीशुभ्र.

"भुकटीनं पिला नाही. हवेतही गेला नाही. त्याचे तुकडे झाले. लडी जळल्यावर लडी राहते का? तसं. ही भुकटी धुऊन मी उद्या पुन्हा वापरणार."

"तुकडे कसले?"

"तेच तर तपासायचंय," बाई म्हणाल्या. "अर्धवट तुटले तर काही तुकडे रंगापेक्षाही वाईट असू शकतात. म्हणून पाणी नुसतं नितळ दिसलं की मी थांबत नाही. आणि ह्यातलं पाणी तोंडाला लावायचं नाही कुणी, कितीही स्वच्छ दिसलं तरी."

त्यांनी ते किती सहज सांगितलं. मी मात्र त्या संध्याकाळी बाळीला वाटीनं पाणी पाजताना वाटीतच बघत राहिले. स्वच्छ होतं. आणि तेच मला खायला उठलं.

त्यानंतर बाई अधूनमधून यायच्या. पराती आमच्या ताब्यात असायच्या. मला त्यांनी एक काम दिलं होतं, पराती अधूनमधून ढवळायच्या आणि छपरावर चढणारी पोरं हाकलायची. एक दिवस बाई आल्या तर पराती तशाच राणी रंगाच्या. भुकटी तळाशी, दह्याच्या चोथ्यासारखी गोळा होऊन बसलेली. कांडी फिरवली तरी वर उठेना.

"ऊन नव्हतं का?"

"ऊन तर डोकं फुटंल असं हुतं," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी परात हलवून बघितली, वास घेतला, भुकटीची डबी उघडून बघितली. त्यांचा चेहरा उतरला. भट्टीतलाच घाणा बिघडला असेल, असं काहीतरी त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. मिस्त्री मान खाली घालून उभे होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुमची मदतच केली मी. रंग लवकर जाईना म्हनून सकाळी दोन-दोन मुठी मीठ टाकलं."

"मीठ?"

"मग! टाकीत रंग चढंना झाला की आमी काय करतो? मीठ टाकतो. मिठाबिगर रंग पानी सोडतोय व्हय?"

खरंच होतं त्यांचं. शेडमध्ये रंगाच्या पोत्याहून मिठाची पोती जास्त यायची. मिठानं रंग पाण्यातून रेटून सुतात जातो. मिस्त्रींची उमर त्या मिठात गेली होती. कुठलाही रंग हट्टाला पेटला की त्यांचा हात आपोआप मिठाच्या पोत्यात जाणार.

बाईंना आधी हसू फुटलं. "अहो मिस्त्री, तुमचा रंग सुताला चिकटवायचाय, माझा मोडायचाय! मिठानं माझे कण एकमेकांना धरून खाली बसले की हो."

"मग ऱ्हाऊ द्या अजून दोन दिस उन्हात. मीठ बी जळंल."

"मीठ नाही जळत," बाई म्हणाल्या. आणि बोलता बोलता थांबल्या. हसू गेलं. त्यांनी खड्ड्याकडं बघितलं, काठावरच्या त्या पांढऱ्या खपलीकडं. "रंग मोडता येईल. मीठ ह्या भुकटीनं जाणार नाही, कुठल्याच उन्हानं जाणार नाही. आणि रंग चढवायच्या पहिल्या टाकीच्या पाण्यात तर तुम्ही मुठीनं नाही, पोत्यानं टाकता."

मिस्त्री म्हणाले, "मीठ काय, खायाचीच वस्तू."

माझ्या डोळ्यांपुढं मावशींची डाळ आली. तासन्‌तास चुलीवर, तरी कचकचीत. मचूळ चहा. बाळीची ती सारखी धुवावी लागणारी दुपटी. मालकांना कळलं तर काम जाईल, हेही मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण तोंडातून शब्द निघून गेले होते. "बाई, माझ्या लेकीचं पाणी बघाल का?"

बाई तशाच माझ्याबरोबर आल्या. ओढा ओलांडताना त्यांची चप्पल चिखलात रुतली, ती हातात घेऊन त्या तशाच पुढं चालल्या. मावशी बाळीला मांडीवर घेऊन भाकरीचा तुकडा दुधात कुस्करत होत्या. बाईंनी दोन काचनळ्या काढल्या. एकीत मावशींच्या रांजणातलं पाणी घेतलं. दुसरीत काय घ्यायचं? मी पळत जाऊन आडाजवळच्या दुकानातून तांब्याभर आडाचं पाणी मागून आणलं. बाईंनी पिशवीतल्या काळ्या बाटलीतून दोन्हींत काही थेंब टाकले.

आडाच्या पाण्यात जरासं धुकं आल्यासारखं झालं. मावशींच्या पाण्यात दही लागलं. घट्ट पांढरं, नळी भरून.

इतकं स्वच्छ पाणी आणि त्यात एवढं काय काय लपून बसलेलं. मी बाळीला मावशींच्या मांडीवरून उचलून छातीशी धरलं, जणू ते पाणी तिच्यावर उडी घेणार होतं.

"हे मीठ आहे, शेडच्या खड्ड्यातून उतरलेलं असणार," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रंग ह्यात डोळ्याला तरी दिसत नाही. मी कॉलेजात नेऊन बघते. पण आज नाही म्हणून उद्या येणार नाही असं मी म्हणू शकत नाही. मोठी माणसं काही दिवस सोसतील. बाळाला हे पाणी देऊ नका. पोट त्यानंच बिघडत असेल. डॉक्टरांनाही दाखवा."

बाई गेल्या. मी पडवीत बसून राहिले, मावशी आत. भांडीसुद्धा वाजत नव्हती. मला वाटलं, आता ह्या बाहेर येतील आणि म्हणतील, तुझ्याच शेडनं केलं हे, उचल तुझं बोचकं. ज्या हातांनी मी ते पाणी खड्ड्यात सोडत होते, त्याच हातांना त्यांनी रोज भाकरी दिली होती.

मावशी बाहेर आल्या त्या विहिरीकडं गेल्या. काठावर हात ठेवून आत वाकून बघत राहिल्या.

"मावशी," मी म्हटलं, "मी दुसरं काम बघतो. तुमी म्हनाल तर जातो इथून." घाबरले की माझी भंडाऱ्याची बोली तोंडात यायची.

"गप बस," त्या वळल्याही नाहीत. "मामंजींचे हात फुटले हुते म्हनं ही खनताना. रक्त निघायचं, त्यावर हळद दाबून पुन्ना पहार उचलायचे. म्हनायचे, हिच्या पान्याला कुनी हात लावू शकनार न्हाई." काठावरचा हात काढून घेत म्हणाल्या, "हात न लावता नासवली की गं."

मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत.

सकाळी मी उठले तर मावशींनी घासूनपुसून हंडा आणि कळशी दारात ठेवली होती. खांद्यावर नवा दोर. "हिला घे कडंवर," त्या म्हणाल्या. "आडावर जायचंय."

मी म्हटलं, "मावशी, मी एकटी जातो. तुमी नका येऊ."

"तू परगावची. तुला काय ठावं, कुठल्या अंगानं दोर सोडायचा."

त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे मला माहीत होतं.

आडावर बऱ्याच बायका होत्या. आम्ही दिसलो तशी बोलणी थांबली. रहाटाचा कुरकुर आवाज तेवढा राहिला. मावशी पायरीपाशी पोचल्या आणि एक क्षण थबकल्या. मी बाळीला कडेवर इतकं घट्ट धरलं की ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. आता कुणी काही बोललं तर? कुणी हंडा उचलून बाजूला ठेवला तर?

एक म्हातारी, कपाळावर मोठं कुंकू, घागर कमरेला लावता लावता म्हणाली, "आज इकडं कुठं वाट चुकलीस गं? तुझी तर दारात इहीर. आटली का?"

"आटली न्हाई," मावशी म्हणाल्या आणि पायरी चढल्या. "खारी झाली. शेडच्या खड्ड्याचं मीठ उतरलंय. बाईनं नळीत घालून दावलं. आज माज्या इहिरीत हाय, उद्या तुमच्या आडात ईल. तवा तुमी कुठं जानार, ते बघून ठिवा."

म्हातारीनं घागर पुन्हा खाली ठेवली आणि आडात डोकावून बघितलं, तशीच, जशी आदल्या दिवशी मावशींनी आपल्या विहिरीत बघितलं होतं. एक तरणी बाई रहाटापासून जरा सरकली. जागा करून दिली की अंग चोरलं, मला सांगता येणार नाही. मावशींनी दोर सोडला. कळशी खाली आपटल्याचा आवाज आला, मग बुडबुड, मग दोर ताणला.

"लेकरू कुनाचं?" त्या तरणीनं विचारलं.

मी तोंड उघडणार, तोवर मावशी दोर ओढता ओढता म्हणाल्या, "माजं."

कळशी वर आली. मावशींनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात धरलं, जिभेवर फिरवलं. त्यांच्या चेहऱ्याकडं मी अशी बघत होते, जशी बाई परातीकडं बघायच्या. मला त्या पाण्याचीही भीती वाटत होती. ते स्वच्छ होतं ना.

त्यांनी पाणी गिळलं. मग ओंजळ बाळीच्या ओठाला लावली.

"गोडं हाय," त्या म्हणाल्या. "दे तिला."